रजिस्टरमधली दुसरी सही

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या देवपुरातल्या घरी गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होतो. सकाळचे आठ वाजले असतील. फोन मंगलानं, माझ्या बायकोनं घेतला. गुडघे दुखतात म्हणून ती सहसा गच्चीवर येत नाही. त्या दिवशी जिना चढून आली, माझ्या हातातली झारी काढून घेतली आणि म्हणाली, "आधी बसा." आमच्या वयाला 'आधी बसा' म्हटलं की काय झालंय ते कळतं, फक्त कोण ते कळायचं राहतं. "विमल," ती म्हणाली. विमल जळगावला लेकीकडे गेली होती. दोन दिवस छातीत दुखत होतं, पित्त असेल म्हणून कुणाला बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेईनेईपर्यंत... लेक वैशाली फोनवर फार बोलूच शकली नव्हती. "मामांना सांगा," एवढंच म्हणाली होती.

मामा मी मानलेला. विमल माझ्या रक्ताच्या नात्यातली नव्हती. ती एका कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये कामाला होती आणि मी तिथला फोरमन होतो. आज तिला जाऊन पाच आठवडे झाले. आईबद्दल काहीतरी लिहा, असं वैशालीनं सांगितलं म्हणून लिहायला बसलो. पण आधीच सांगून ठेवतो, विमलबद्दल खरं लिहायचं तर त्यात माझ्याबद्दल बरंच येणार, आणि ते काही अभिमानानं सांगावं असं नाही.

आमच्या खानदेशात कापूस होतो, केळी होतात, कोळसा होत नाही. कोळशाशी आमची गाठ पडली ती पोटामुळे. मी धुळ्याला आयटीआय केलं आणि विदर्भातल्या एका उघड्या खाणीत मेकॅनिक म्हणून लागलो. उघडी खाण म्हटल्यावर बोगदा डोळ्यांसमोर आणू नका. वरची माती खरवडून काढत काढत जमिनीला केलेला तो एक भलामोठा खड्डा असतो. खाली शोवेल मशिनं कोळसा आणि माती उपसतात, डंपर ती भरून वर आणतात आणि मातीच्या ढिगाऱ्यावर नेऊन ओततात. डंपर म्हणजे रस्त्यावरचा ट्रक नव्हे. त्याचं एकेक चाक माणसापेक्षा उंच. ड्रायव्हर शिडी चढून केबिनमध्ये जातो, एखाद्या माडीवर जाऊन बसल्यासारखा. त्याला पुढचं लांबचं छान दिसतं, पण मागे माणूस उभा असेल तर दिसणं शक्यच नाही. म्हणून गाडी मागे घेताना पीं-पीं असा एक हॉर्न आपोआप वाजतो. रिव्हर्स हॉर्न. डब्याच्या झाकणाएवढी वस्तू. त्या आवाजावर मागचा माणूस बाजूला होतो. दुसरं काहीही त्याला वाचवायला नसतं.

विमल पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यातली. तिचा नवरा प्रकाश आमच्या शेजारच्या खाणीत ढिगाऱ्याच्या काठावर उभा राहून डंपर कुठे रिकामा करायचा ते दाखवायच्या कामावर होता. एका दुपारी मागे येणाऱ्या डंपरखाली तो सापडला. विमल तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती आणि वैशाली तीन वर्षांची. नवऱ्याच्या जागी तिला नोकरी मिळाली ती आमच्या वर्कशॉपमध्ये, झाडलोट करायची आणि पाणी भरायची. पहिल्या दिवशी ती डोक्यावर पदर घेऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली. मी गाव विचारलं. तिनं सांगितलं तशी माझ्या तोंडून अहिराणीच निघाली, "बठ्ठा बरा शेतस ना घर?" घरी सगळे बरे आहेत ना? तिनं मान वर करून पाहिलं. एवढ्या लांब तिची भाषा बोलणारा कुणी भेटेल असं तिला वाटलं नसावं. त्या दिवसापासून मी 'भाऊ' झालो. आम्ही दोघं अहिराणीतच बोलायचो. इथे वाचकांसाठी ते साध्या मराठीत लिहितो आहे, एखादं वाक्य तेवढं राहू देतो.

आठ-दहा दिवसांनी तिनं मला विचारलं, "भाऊ, रिव्हर्स हॉर्न म्हणजे काय? केवढ्यानं वाजतो?" का विचारतेस म्हटलं तर तिनं चौकशीच्या अहवालाचा कागद दाखवला. सातवी शिकलेली बाई, सावकाश वाचायची, पण तो कागद तिनं अनेकदा वाचला असणार. घड्यांवर तो फाटायला आला होता. त्यात लिहिलं होतं की रिव्हर्स हॉर्न चालू स्थितीत होता, मयताचं लक्ष नव्हतं. दुपारची सुट्टी होती. अंगणात एक डंपर उभा होता. मी तिला लांब उभं केलं, वर चढलो, इंजिन चालू केलं आणि रिव्हर्स गिअर टाकला. हॉर्न वाजायला लागला. झाडावरचे कावळे उडाले. मी गाडी बंद करून खाली उतरलो तर ती तिथेच उभी होती, कानांवर हात न ठेवता.

"एवढ्यानं वाजतो?"

"हो."

"आणि त्यांना ऐकू आला नाही?" मग ती म्हणाली, "त्यांचे कान चांगले होते, भाऊ. मी आतल्या खोलीत कुजबुजले तरी ओट्यावरून ओ द्यायचे."

मला सगळं कळलं होतं. खाणीत काम करणाऱ्या कुणालाही कळलं असतं. हॉर्न बंद असणार आणि तो मागाहून कागदावर चालू झाला असणार. पण मी म्हणालो, "मशिनांचा आवाज असतो गं, वारा असतो..." कागद घडी करून तिनं कमरेला खोचला आणि बादली उचलून गेली.

त्यानंतर तिनं एकच हट्ट धरला, मला हे काम शिकवा. वर्कशॉपमध्ये बाईनं पाना धरायचा ही गोष्ट तेव्हा कुणाच्या कल्पनेत नव्हती. आमचा म्हातारा इलेक्ट्रिशियन हसला, मग वैतागला, मग शिकवायला लागला. वायर सोलणं, फ्यूज बघणं, स्विच उघडून साफ करणं. हात बसेपर्यंत दोन वर्षं गेली. मग साहेबांना सांगून मी तिला सकाळच्या पाळीच्या तपासणीवर घेतलं. कामावर निघण्याआधी प्रत्येक डंपरचे दिवे आणि हॉर्न बघायचे, रजिस्टरमध्ये फिट की अनफिट ते लिहायचं आणि पुढे सही करायची. आधी हे काम खोलीत बसूनच उरकलं जायचं. विमल प्रत्येक गाडीच्या मागे जाऊन उभी राहायची आणि ड्रायव्हरला रिव्हर्स टाकायला लावायची. ड्रायव्हर कंटाळायचे. दिवसभर डोक्यामागे पीं-पीं नको म्हणून काही जण हॉर्नची वायर गुपचूप काढून ठेवायचे. एकानं तर हॉर्नच्या तोंडात चिंध्या कोंबल्या होत्या. हे तिनं पकडलं. त्या चिंध्या हातात घेऊन ती त्याच्या केबिनच्या शिडीवर चढली आणि खणखणीत अहिराणीत त्याला अशी काही बोलली, की त्या बिहारी माणसाला एक अक्षरही न कळता सगळं कळलं. तेव्हापासून तिचं नाव पडलं 'भोंगाबाई'. ती चिडायची नाही. उलट कँटीनमध्ये कुणी "भोंगाबाई आली" म्हटलं की कपाळाला आठ्या घालून "वाजू का?" असं विचारायची. प्रेमळ-बिमळ नव्हती. फटकळ होती, हट्टी होती, चहात तीन चमचे साखर घालायची आणि मंगलाच्या स्वयंपाकात खोट काढायची.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकीबाळी माहेरी जातात. विमलचे आई-वडील कधीच गेले होते. भाऊ नव्हता. मंगलानं ठरवून टाकलं की विमलचं माहेर आमच्या क्वार्टरमध्ये. आखाजीच्या सकाळी मी तिला आणायला तिच्या खोलीवर जायचो, रीतीप्रमाणे, चालत पाच मिनिटांचा रस्ता असला तरी. मंगला खापरावर पुरणाची पोळी करायची, आमरस असायचा, कडुनिंबाला दोर बांधून झोका असायचा. छोटी वैशाली झोक्यावरून उतरायची नाही. विमल खाली बसून जात्यावरची गाणी म्हणायची. तिचा आवाज फाटका होता, पण सूर पक्का. असे पाच-सहा आखाजीचे सण आमच्याकडे झाले.

आणि मग तो मार्च आला. मार्च म्हणजे खाणीत सगळ्यांच्या डोक्यावर टांगती तलवार. वर्षाचं कोळशाचं लक्ष्य पुरं करायचं असतं आणि एक गाडी उभी राहिली की वरून तीन फोन येतात. एका सकाळी विमल रजिस्टर घेऊन माझ्याकडे आली. "हाऊ मुका शे, भाऊ." तिच्या भाषेत हॉर्न बंद असलेला डंपर म्हणजे मुका. हॉर्न जळला होता आणि नवा हॉर्न स्टोअरमध्ये नव्हता, उद्या येणार होता. तिनं रजिस्टरमध्ये लिहिलं होतं: हॉर्न बंद, अनफिट. पुढे तिची सही. तेवढ्यात मॅनेजर साहेबांचा फोन आला. गाडी का उभी आहे? मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "फोरमन तुम्ही आहात की ती बाई?"

आज मागे वळून बघतो तेव्हा हे एकच वाक्य मला लागलं होतं असं वाटतं. मी विमलला म्हणालो, "एका पाळीचा प्रश्न आहे. उद्या हॉर्न येईल." ती म्हणाली, "मग उद्या सोडा." मी म्हणालो, "ड्रायव्हरला सांगतो, मागे घेताना पुढचा हॉर्न देईल." ती म्हणाली, "पुढचा हॉर्न पुढे वाजतो, भाऊ. तिथे सगळेच वाजवत असतात." शिकवलेलं मला परत ऐकवत होती. "तुला सही नसेल करायची तर नको करू," मी म्हणालो. तिच्या हातातून रजिस्टर घेतलं आणि तिच्या ओळीखाली लिहिलं: फिट. खाली माझी सही केली. झोकदार, नेहमीपेक्षा मोठी. डंपर गेला. विमल दारात उभी राहून तो वळणापलीकडे जाईपर्यंत बघत होती.

अकराच्या सुमाराला बातमी आली. ढिगाऱ्यावर गणपत नावाचा एक कामगार, चोवीस-पंचवीस वर्षांचा, कामावर लागून चार महिने झालेले, त्या डंपरखाली आला होता. चाक पायावरून गेलं. जीव वाचला. डावा पाय मांडीपासून काढावा लागला.

मी दवाखान्यात गेलो नाही. मी गेलो नाही, कारण चौकशी लागणार हे मला माहीत होतं आणि तेवढंच माझ्या डोक्यात होतं. माझ्या नोकरीवरचा डाग, माझी बढती, माझी दोन मुलं. दोन दिवसांनी मी विमलला वर्कशॉपच्या मागच्या बाजूला गाठलं. म्हणालो, "तू अनफिट लिहिलंस ते बरोबरच आहे. पण नंतर तू जुना हॉर्न खोलून दुरुस्त करून दिलास आणि मग मी फिट लिहिलं, असं सांगितलंस तर कुणाचंच काही बिघडत नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "गणपतचं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "त्याला जे मिळायचं ते मिळेलच." ती वळून कामाला लागली. मी समजलो की तिला ते मान्य आहे. बहीण आहे, कशी नाही म्हणेल.

ज्या माणसानं तिला अंगणात उभं करून तो हॉर्न वाजवून दाखवला होता, तोच माणूस तिला हे सांगत होता. हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. नवऱ्याच्या कागदावर जे कुणीतरी लिहिलं होतं, तेच आता गणपतच्या कागदावर तिनं स्वतःच्या तोंडानं लिहून द्यावं, असं मी तिला सांगत होतो.

चौकशीच्या खोलीत तिला विचारलं गेलं. मी समोर बसलो होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हॉर्न दुरुस्त केला नाही. नवा नव्हता. मी गाडी अनफिट लिहिली होती." चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "मग खाली फिट कुणी लिहिलं?" ती थांबली. मग म्हणाली, "भाऊंनी."

'फोरमननी' म्हणाली नाही, 'भाऊंनी' म्हणाली. साहेबांना कळेना, कोण भाऊ? मग तिला माझ्याकडे बोट दाखवावं लागलं.

मला दोन महिने घरी बसवलं आणि बढती कायमची थांबली. मॅनेजर साहेबांच्या फोनचा कुठेच पुरावा नव्हता, त्यांना काही झालं नाही. गणपतवर मात्र एका शब्दाचाही ठपका आला नाही. पुढे त्याला खाणीच्या ऑफिसात बसून करायचं काम मिळालं. हे न्यायानंच झालं, हे आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की जिला मी पाणी भरण्यातून काढून हाताला धरून वर आणली, तिनं भरल्या खोलीत माझ्याकडे बोट दाखवलं.

मी तिच्याशी बोलणं टाकलं. त्या वर्षी आखाजीला मी तिला आणायला गेलो नाही. मंगलानं सकाळपासून दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी ताटावरून उठलो. मग तिनंच डबा भरला, पुरणाच्या पोळ्या, रस, आणि ती विमलकडे गेली. अर्ध्या तासानं परत आली. डबा तसाच भरलेला होता. विमलनं दार उघडल्यावर एकच विचारलं होतं, "वहिनी, भाऊंनी पाठवलं का?" मंगलाला खोटं बोलता येत नाही. विमल म्हणाली, "मग राहू द्या. बोलावल्याशिवाय माहेरी जाऊ नये आणि माहेरचं खाऊ नये." तिच्या मागे वैशाली नवा परकर घालून तयार होऊन बसली होती, असं मंगलानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी सांगितलं नाही. त्या डब्यातल्या पोळ्या आमच्या घरात कुणीच खाल्ल्या नाहीत.

दोन वर्षं अशी गेली. रोज सकाळी ती रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवायची, मी न बघता सही करायचो. बोलायची ती कामापुरतं, तेही मराठीत. आमची अहिराणी बंद झाली. मला सांगायला लाज वाटते, पण मला तिची आठवण यायची. रोज समोर दिसणाऱ्या माणसाची आठवण येते हे मी तेव्हा शिकलो.

पुन्हा मार्च आला. पुन्हा एक गाडी, पुन्हा जळका हॉर्न, पुन्हा स्टोअर रिकामं. साहेब बदलले होते, फोन तोच होता. विमल रजिस्टर घेऊन आली. ठेवून गेली नाही, उभी राहिली. तिच्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर होती, ग्रीसनं काळी झालेली. मी मान वर करीपर्यंत ती थांबली आणि म्हणाली, "हाऊ मुका शे, भाऊ."

दोन वर्षांनी 'भाऊ' ऐकलं. मी रजिस्टर ओढलं. तिच्या ओळीखाली लिहिलं: अनफिट. सही केली. फोन पुन्हा वाजला. मी म्हणालो, "साहेब, गाडी निघणार नाही." ते ओरडले. मी म्हणालो, "मग इथे येऊन सही तुम्ही करा. मी रजिस्टर उघडून ठेवतो." ते आले नाहीत. डंपर दोन दिवस उभा राहिला आणि मला अशी काही बोलणी बसली की सांगायची सोय नाही. विमल तोवर बाहेर गेली होती. थोड्या वेळानं चहाचे दोन कप घेऊन आली आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. चहा भयंकर गोड होता. आम्ही दोघांनी तो संपवला. माफी कुणीच मागितली नाही. महिन्याभरानं आखाजी आली, तेव्हा मी सकाळी सात वाजताच तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. "विमल, आखाजीले येजो," म्हणालो, म्हणजे 'ये'. ती आतून म्हणाली, "येजो काय? रीत विसरले का भाऊ? न्यायला आलात तर थांबा, साडी बदलते."

त्यानंतर मी बारा वर्षं नोकरी केली, ती आणखी पुष्कळ वर्षं. शेवटची काही वर्षं नव्या भरतीतल्या मुलांना ती शिकवायची. गाड्यांवर आता कॅमेरे बसलेत, ड्रायव्हरला मागचं पडद्यावर दिसतं, असं तिनं एकदा फोनवर सांगितलं. मी म्हणालो, "चला, तुझं काम संपलं." ती म्हणाली, "कॅमेऱ्यावर धूळ बसते, भाऊ. पुसणारा लागतो." निवृत्त झाल्यावर तिनं पाचोऱ्याला दोन खोल्यांचं घर घेतलं. लेक जळगावला शाळेत शिक्षिका झाली होती, पण तिच्याकडे राहायला ती तयार नव्हती. दोन-चार दिवस जायची आणि परत यायची.

आमची शेवटची भेट दोन-अडीच महिन्यांपूर्वी झाली. धुळ्यात एक लग्न होतं, ते आटोपून ती देवपूरला आली. येतानाच तणतणत आली, कारण रिक्षाला मागचा दिवा नव्हता आणि पांझरा नदीच्या पुलावर तिनं ती थांबवून रिक्षावाल्याला झापलं होतं. मंगलानं भरीत केलं होतं. जेवणं झाल्यावर मंगला आत गेली आणि आम्ही दोघं पुढच्या खोलीत बसलो. इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते माझ्या तोंडून निघालं. मी म्हणालो, "विमल, मी तुला तेव्हा खोटं बोलायला सांगितलं होतं."

"हो, सांगितलं होतं," ती म्हणाली. जाऊ द्या म्हणाली नाही, त्याला किती वर्षं झाली म्हणाली नाही. मग म्हणाली, "आणि मी बोलणार होते, भाऊ."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. चौकशीच्या दिवशी ती बाहेर बाकावर बसली होती आणि तिनं मनात पक्कं केलं होतं, दुरुस्त केला म्हणून सांगायचं. इथे एकच भाऊ आहे, त्याला कसं बुडवायचं. वाक्यही पाठ करून ठेवलं होतं. त्याच बाकावर गणपतची बायको येऊन बसली. पोर कडेवर होतं. तिला कळत नव्हतं आत काय विचारतील. तिनं विमलला विचारलं, "बाई, माझा माणूस बहिरा नाही, हे साहेबांना कसं सांगू?"

"त्यानंतर पाठ केलेलं काही आठवेनाच," विमल म्हणाली. मग डोळे पुसून एकदम नेहमीच्या फटकळ आवाजात म्हणाली, "तुमच्यावर राग होता तो त्याचा नव्हताच. आखाजीचा होता. डबा घेऊन वहिनी आल्या, तुम्ही नाही आलात." मी म्हणालो, "चुकलं माझं." ती म्हणाली, "दोन्ही चुकलं." एवढं बोलून तिनं पिशवी उचलली. पाचोऱ्याची बस गाठायची होती.

सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी मी आणि मंगला सकाळीच पाचोऱ्याला पोचलो. घर गल्लीच्या अगदी टोकाला, त्याच्यापुढे रस्ता नाही. ओट्यावर एक पन्नाशी उलटलेला माणूस बसला होता, भिंतीला कुबडी टेकवलेली. रात्रभर रेल्वेनं आला होता. त्यानं मला आधी ओळखलं. "नमस्कार नाना," म्हणाला. वर्कशॉपमध्ये सगळे मला नाना म्हणायचे. मी त्याच्या शेजारी बसलो. जे खरं तेच बोललो. "गणपत, ती सही माझी होती."

"माहीत आहे," तो म्हणाला. "बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं."

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "दोन वर्षांनी परत सांगायला आल्या होत्या. म्हणाल्या, या वेळी नानांनी गाडी सोडली नाही. मला सांगायचं काय कारण होतं, काय माहीत. पण मुद्दाम आल्या होत्या."

मंगला आत वैशालीला कवटाळून रडत होती, ते कानावर येत होतं.

तेवढ्यात गल्लीत शाळेची व्हॅन शिरली. समोरच्या घरातली दोन मुलं तीत चढली. रस्ता तिथेच संपतो, त्यामुळे व्हॅनला मागे घेऊन वळावं लागतं. पण ड्रायव्हर मागे घेईना. इंजिन चालू ठेवून, मान बाहेर काढून तो आमच्या ओट्याकडे बघत बसला. वैशाली डोळे पुसत दारात आली. म्हणाली, "आई रोज जायची. व्हॅन आली की हातातलं काम टाकून मागे जाऊन उभी राहायची. ती हात करेपर्यंत तो मागे घ्यायचा नाही. पंधरा दिवस झाले, अजून थांबतो, मग उतरून स्वतः बघून येतो."

ड्रायव्हर उतरायला लागला होता. मी त्याला थांब म्हणून खूण केली. ओट्यावरून उतरलो, व्हॅनला वळसा घालून मागे गेलो आणि त्याच्या आरशात दिसेन असा कडेला उभा राहिलो. गटाराच्या कडेपासून समोरच्या भिंतीपर्यंत सगळा रस्ता नीट बघितला. मागच्या काचेतून दोन मुलं माझ्याकडे बघत होती. मागे कुणी नव्हतं. मी हात वर केला.